भक्तिसंध्येसाठी माइक निवडताना



पर्युषण पर्वाला दोन-अडीच महिने उरले की गावोगावच्या मंडळांत एक विषय हमखास निघतो. गेल्या वर्षी माइकने फार त्रास दिला, या वर्षी काहीतरी चांगले घेऊन टाकू. ‘चांगले’ या शब्दाचा अर्थ आपल्या व्यापारी मंडळींत बहुधा ‘महाग’ असा होतो. घेणारे धंद्यातले जाणकार असले तरी मंडळाच्या खरेदीत ती जाणकारी घरी ठेवून येतात. मीही आमच्या मंडळाचा कोषाध्यक्ष या नात्याने दोन वर्षांपूर्वी तेच केले. त्या चुकीतून जे शिकलो ते इतर मंडळांच्या उपयोगी पडावे, म्हणून या अंकातील लेखासाठी हा विषय घेतला आहे.

प्रारंभीच एक मर्यादा स्पष्ट करतो. आपल्यातील अनेक पूज्य साधु-साध्वीजी विद्युत साधनांचा उपयोग करीत नाहीत. विजेच्या वापरात तेउकायाच्या जीवांची विराधना होते, ही त्यामागील धारणा आहे. त्या विषयात बोलण्याचा मला अधिकार नाही. श्रावक-श्राविका सभागृहात जी भक्तिसंध्या वा भावना करतात आणि जेथे माइक वापरण्याचे संघाने आधीच ठरवलेले असते, तेवढ्यापुरताच हा लेख आहे. वापरायचाच तर यतनेने, लागेल तेवढाच, हे मात्र या खरेदीलाही लागू पडते असे मला आता वाटू लागले आहे.

आमच्या मंडळात एक ज्येष्ठ भगिनी आहेत. वय सत्तरीच्या पुढे. लहानथोर सारे त्यांना काकी म्हणतात. शंभराहून अधिक स्तवने त्यांना मुखोद्गत. आवाज पूर्वी भरदार होता, आता पातळ झाला आहे, पण स्वर अजून जागेवर लागतो आणि शब्द स्वच्छ येतात. वर्षानुवर्षे आमच्याकडे एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि एकच माइक होता. तो हातोहात फिरे, वायर सैल झाल्याने मधूनच खरखरे, आणि तरीही काकींचे गाणे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत असे.

दोन वर्षांपूर्वी एका सद्गृहस्थांनी साधारण खात्यात या कामासाठी रक्कम दिली. देवद्रव्याचा पैसा अशा साहित्याला लावता येत नाही, हे या मासिकाच्या वाचकांना सांगणे नको. त्यामुळे साधारण खात्यातला प्रत्येक रुपया मोलाचा असतो, हेही सांगणे नको. बँकेतील सवयीप्रमाणे मी तीन दुकानांतून कोटेशने मागविली, त्यांचा तक्ता केला, घासाघीस केली. पहिल्याच दुकानदाराने सुचविले होते की गायनासाठी स्टुडिओत असतो तसा मोठ्या पडद्याचा कंडेन्सर माइक घ्यावा आणि त्याला जोड म्हणून स्वतंत्र प्रीअ‍ॅम्प. तेच नाव घेऊन मी पुढच्या दोन दुकानांत गेलो. परिणामी तिन्ही कोटेशने एकाच वस्तूची आली, आणि ती वस्तू आपल्या कामाची आहे काय हा प्रश्न कोणीच विचारला नाही.

पर्युषणातील पहिल्या रात्री तो माइक लागला. आमच्या सभागृहाला खाली संगमरवर, तीन बाजूंना काचेच्या खिडक्या आणि वर बारा पंखे. गायिका बैठकीवर, पुढे पेटी, बाजूला ढोलक आणि मंजिऱ्या. नाजूक आणि महाग वस्तू म्हणून माइक काकींपासून फूट-दीड फुटावर उभा केलेला. पहिल्या कडव्यातच शिट्टी सुरू झाली. चालविणाऱ्याने आवाज खाली आणला की शिट्टी थांबे, पण काकी ऐकू येत नसत. वर नेला की पंखे, पेटीचा भाता आणि मागच्या मुलांची कुजबुज सारे सभागृहभर घुमे आणि पुन्हा शिट्टी. मागून कोणीतरी “आवाज येत नाही” असे म्हटले. काकींनी स्तवन तिसऱ्या कडव्यावर थांबवले.

दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, “भाऊ, आता माझा आवाज राहिला नाही. नव्या मुलींना बसवा.” मी काही बोललो नाही. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले होते. एवढा खर्च करून आणलेला माइक कमी पडेल ही कल्पनाच मनात आली नाही. वय झालेल्या बाईचा आवाज कमी पडला हे मात्र लगेच पटले.

तिसऱ्या दिवशी ध्वनियोजना पाहणाऱ्या मुलाने स्वतःचा एक माइक आणला. जाळी चेपलेली, रंग उडालेला. तो शुअर कंपनीचा एसएम५८ होता. त्याने काकींना जवळजवळ विनवून बसवले आणि माइक त्यांच्या ओठांपासून दोन बोटांवर आणून ठेवला. काकी मागे सरकल्या. “अरे, उष्टा होईल तो!” मुलाने हसून जाळी फिरवून काढली आणि दाखवली. ही जाळी निघते, आतला फेस निघतो, कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून परत बसवता येतो. तेव्हा कुठे काकी तयार झाल्या. त्या रात्री त्यांनी पाच स्तवने म्हटली. आवाजाची कळ आदल्या रात्रीपेक्षा खालीच होती आणि शेवटच्या रांगेत शब्दन्शब्द ऐकू येत होता.

हे कसे घडले ते समजून घेण्यासाठी मी नंतर बराच वेळ घालवला. सारा हिशेब अंतराचा आहे. तोंडापासूनचे अंतर दुप्पट झाले की माइकपर्यंत पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. दोन इंचांवरून चार इंच, चारावरून आठ, आठावरून सोळा; तीनदा दुप्पट, म्हणजे १८ डेसिबलची तूट. ती भरून काढण्यासाठी यंत्राची कळ तेवढी वर न्यावी लागते, आणि काकींच्या आवाजाबरोबर पंखे, पेटी आणि स्वतः स्पीकरमधून येणारा आवाजही तितकाच वर जातो. स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा पुन्हा स्पीकरमध्ये, असे चक्र एका मर्यादेपलीकडे गेले की शिट्टी वाजते. कंडेन्सर माइक ‘दूरचे ऐकतो’ म्हणून शिट्टी मारतो असे पुष्कळ जण सांगतात. मला ते अर्धवट वाटते. आम्ही तो दूर ठेवला, हे मुख्य कारण. पण तो दूर ठेवावासा वाटावा अशाच कामासाठी, म्हणजे शांत बंद खोलीतल्या ध्वनिमुद्रणासाठी, तो बनवलेला होता, हेही तितकेच खरे.

माइकचे आपल्या कामापुरते दोन प्रकार ध्यानात ठेवले तरी पुरेत. डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला तारेचे बारीक वेटोळे जोडलेले असते आणि ते चुंबकाच्या फटीत हलते. स्पीकरचीच उलटी रचना. त्याला बाहेरून वीज लागत नाही, आपटला तरी सहसा बिघडत नाही, दमट हवेची पर्वा नसते. कंडेन्सरमध्ये अतिशय पातळ पडदा आणि त्यामागे पट्टी असते. त्याला मिक्सरकडून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. बारकावे तो अधिक टिपतो. हातात वा ओठांजवळ धरून मंचावर गाण्यासाठी बनवलेले उत्तम कंडेन्सरही मिळतात. नॉयमनचा केएमएस १०५ किंवा शुअरचा बीटा ८७ए ही त्यांतली प्रसिद्ध नावे. शांत नाट्यगृह आणि सरावलेला गायक असेल तर ते शोभतात. आपल्या सभागृहांत, जेथे माइक एका संध्याकाळी आठ हातांतून फिरतो, तेथे मी डायनॅमिकच घ्यावा असे म्हणेन.

एसएम५८ हा १९६६ साली आला. नावातील ‘एसएम’ ही अक्षरे गंमत म्हणजे स्टुडिओ मायक्रोफोनची आहेत. नाव कमावले ते मात्र मंचावर. त्याची ऐकण्याची कक्षा पिंपळाच्या पानासारखी असते. समोरचे सर्वांत चांगले, बाजूचे कमी, आणि देठाच्या बाजूला, जेथे पानाला खाच असते, तेथे जवळजवळ बहिरा. माइकची दांडी म्हणजे तो देठ. तेव्हा गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून जो छोटा स्पीकर समोर ठेवतात, तो बरोबर दांडीच्या रेषेत, माइकच्या पाठीमागे ठेवायचा. याला कार्डिऑइड म्हणतात. दुसरा प्रकार सुपरकार्डिऑइड. बीटा ५८ए किंवा सेनहायझरचा ई ८४५ हे त्या जातीचे. ते बाजूचे आणखी कमी ऐकतात, पण अगदी पाठीमागचे थोडे ऐकतात. त्यांची बहिरी जागा समोरच्या दिशेपासून सुमारे १२६ अंशांवर, म्हणजे मागे तिरकस, दोन्ही बाजूंना असते. असा माइक घेऊन स्पीकर जुन्या सवयीने सरळ पाठीमागे ठेवला तर महाग माइक स्वस्तापेक्षा आधी शिट्टी मारतो. आणि जाळी मुठीत गच्च धरली तर दोन्ही प्रकारांची ही शिस्त मोडते. तरुण मुले चित्रपटातील गायकांचे पाहून तसे धरतात, त्यांना प्रेमाने सांगावे.

जवळून गाण्याचा काकींना आणखी एक लाभ झाला. अशा एकदिश माइकपाशी तोंड जितके जवळ तितके खालचे, घुमारदार स्वर अधिक उचलले जातात. पातळ आवाजाला त्यामुळे अंग येते. ज्यांचा आवाज मुळातच जड आहे त्यांनी चार-पाच बोटे मागे राहावे, किंवा मिक्सरवरील ८० अथवा १०० हर्ट्झखालचे कापणारी कळ दाबावी. खरे तर ती कळ सर्वांसाठीच दाबून ठेवायला हरकत नाही. आपल्या भगिनी बहुधा काळी चारच्या आसपास गातात. त्या पट्टीत मंद्र पंचमसुद्धा सुमारे १५५ हर्ट्झवर येतो, तेव्हा गाण्यातले काही जात नाही. जाते ती बैठकीवरच्या पावलांची धडधड आणि ‘प’, ‘भ’च्या फुंकरीचा ठोका.

निवड करताना दुकानात ‘हॅलो, वन टू थ्री’ म्हणून काही कळत नाही. आम्ही नंतर एसएम५८ आणि सेनहायझरचा ई ८३५ असे दोन माइक एका संध्याकाळीपुरते मागून आणले आणि सभागृहातच, पंखे चालू ठेवून, चार जणींना तेच स्तवन दोन्हींवर गायला लावले. ऐकणारे तिघे मागच्या रांगेत पाठ फिरवून बसले. काकींना पहिला शोभला, एका तरुण भगिनीच्या ‘स’ आणि ‘श’चा टोकदारपणा दुसऱ्यावर कमी वाटला. दोन्ही घेतले. किमतीत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

आता प्रीअ‍ॅम्पकडे वळतो, कारण मंडळाचे खरे पैसे तेथे वाया गेले. माइकमधून निघणारा संकेत अगदी क्षीण असतो. सामान्य मोठ्या आवाजाला, म्हणजे ९४ डेसिबलच्या ध्वनीला, एसएम५८ सुमारे १.८५ मिलिव्होल्ट देतो. पुढच्या यंत्रांना काम करायला व्होल्टच्या आसपास दाब लागतो. मधली ही वाढ करणारा जो पहिला टप्पा, तो प्रीअ‍ॅम्प. एक हजार पट वाढ म्हणजे ६० डेसिबल. ओठांजवळ धरलेल्या माइकला एवढी लागतही नाही. ४०-४५ डेसिबलमध्ये काम भागते, आणि कोणत्याही बऱ्या मिक्सरच्या प्रत्येक माइकवाटेत हा टप्पा आधीच बसवलेला असतो. ‘गेन’ असे लिहिलेली सर्वांत वरची कळ ती त्याचीच. म्हणजे आमच्या मिक्सरमध्ये जे होते तेच आम्ही वेगळ्या पेटीत पुन्हा विकत घेतले.

दुकानदाराचा युक्तिवाद होता की महाग प्रीअ‍ॅम्पची सरसर कमी असते. तो खोटा नव्हता. पण साध्या, बऱ्या मिक्सरच्या प्रीअ‍ॅम्पची सरसर अशा माइकवर मोजली तर ती साधारण २० डेसिबलच्या ध्वनीइतकी भरते. आमच्या सभागृहात केवळ पंख्यांचाच आवाज त्याच्या कितीतरी वर असतो. बाजारपेठेत उभे राहून घड्याळाची टिकटिक कमी करण्यासारखा तो खर्च होता. आणि शिट्टीवर तर प्रीअ‍ॅम्पचा काहीच इलाज चालत नाही. ती अंतर, दिशा आणि स्पीकरच्या जागेचा प्रश्न आहे.

अर्थात एक अपवाद आहे. अनेक मंदिरांच्या सभागृहांत जुने अ‍ॅम्प्लिफायर आहेत, ज्यांना माइकसाठी जाड गोल जॅकची जागा असते. अशा जोडणीत लांब वायर घातली की ‘हूं’ असा विजेचा गुणगुणाट येतो. तीन पिनांच्या संतुलित जोडणीत तोच संकेत दोन तारांतून उलट-सुलट जातो आणि दोन्हींत सारखाच शिरलेला गुणगुणाट शेवटी वजा होतो. तेव्हा जुना अ‍ॅम्प्लिफायर असेल तर पैसे स्वतंत्र प्रीअ‍ॅम्पऐवजी लहान मिक्सरमध्ये घालावेत. आम्ही यामाहाचा एमजी१०एक्सयू घेतला. चार माइक लागतात, आपल्याला पुष्कळ झाले. त्यात ‘एको’ही आहे, आणि तो वाढवा असा आग्रह प्रत्येक कार्यक्रमात कोणीतरी धरतोच. संगमरवर आणि काच आधीच भरपूर एको देतात. मी ती कळ बंद ठेवायला सांगतो आणि त्याबद्दलचा रोष पत्करतो.

गेनची कळ कशी लावावी हे मात्र शिकून घ्यावे. गाणाऱ्याला सर्वांत उंच ओळ पूर्ण जोराने म्हणायला सांगायची, लाल दिवा लुकलुकेपर्यंत कळ न्यायची आणि मग थोडी मागे घ्यायची. पुढे कार्यक्रमभर तिला हात लावायचा नाही. कमी-जास्त करायचे ते खालच्या कळीने. आमच्याकडे प्रत्येक जण येता-जाता वरचीच कळ फिरवत असे. आता तिच्यावर चिकटपट्टी लावली आहे.

माइकांची संख्या हाही देणगीदारांना भुरळ पाडणारा विषय. सहा गायिका म्हणून सहा माइक, असे होऊ नये. चालू माइक दुप्पट झाले की शिट्टी होण्यापूर्वी मिळणारा आवाज सुमारे ३ डेसिबलने घटतो. मुख्य गायिकेला एक, झेलणाऱ्या दोघी-तिघींना मिळून एक, पेटीला लागलाच तर एक. दोन माइकमधील अंतर तोंड ते माइक या अंतराच्या किमान तिप्पट ठेवावे, नाहीतर एकच आवाज दोघांत शिरून पोकळ वाटू लागतो. बिनतारी माइक सोयीचा खरा, पण तेवढ्याच पैशांत तारेचा माइक नेहमी वरच्या प्रतीचा मिळतो, आणि सेल ऐन आरतीत संपतात.

खरेदीविषयी आपल्या मंडळींना मी काय सांगावे, तरीही एक सांगतो. एसएम५८ची नक्कल बाजारात उदंड आहे, खोक्यासकट. अस्सल माइकचे वजन सुमारे २९८ ग्रॅम भरते. आमच्या कार्यकारिणीतील एका सराफ बंधूंनी तो दुकानातल्या काट्यावर ठेवून पाहिला, तेव्हा सगळे हसले. पण अर्ध्या किमतीत देऊ केलेला दुसरा एक ठेवला तेव्हा तो बराच हलका भरला. वजन हा एकमेव पुरावा नव्हे. अधिकृत विक्रेता, जीएसटीचे पक्के बिल आणि हमीपत्र, हे तिन्ही हवेतच. चांगली वायर आणि जड बुडाचे, आडव्या दांडीचे स्टँड यांत कसर करू नये. बैठकीवर गाणाऱ्यांसाठी ठेंगणे स्टँड वेगळे मिळते, ते मागून घ्यावे. पेटीवर पुस्तके रचून त्यांवर माइक टेकवणे आता पुरे.

रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई आहे, निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. बंद सभागृहाला सवलत असली तरी खिडक्या उघड्या ठेवून ती मागणे बरे दिसत नाही. माइक जवळ आल्यापासून आमच्या स्पीकरचा एकूण आवाज उतरला, आणि समोरच्या इमारतीतून येणारी तक्रारही थांबली.

तो कंडेन्सर आणि प्रीअ‍ॅम्प परत घ्यायला दुकानदार तयार झाला नाही. वर्षभर ते कपाटात पडून होते. या वर्षी मंडळातील एका विद्यार्थ्याने ते घरी नेले आहेत. दुपारी पंखा बंद करून, गाद्या भिंतीला टेकवून, तो काकींची स्तवने एकेक करून मुद्रित करतो आहे. आतापर्यंत सदतीस झाली. त्या खोलीत तो माइक फार सुंदर वाजतो. काकींना मात्र त्याच्यापासून फूटभर दूर बसावे लागते, आणि हे त्यांना अजिबात पसंत नाही.